पीएचडी करून काय दिवे लावणार? समुद्रातले!

तरंगत्या पवनचक्क्यांना समुद्रतळाशी बांधून ठेवायचं कसं? या एका प्रश्नावर संशोधन करणाऱ्यांना युरोपात फी भरावी लागत नाही, उलट दरमहा पैसे मिळतात. हे पैसे कोण देतं, का देतं, आणि ते मिळवायचे तर जाहिरात वाचायची कशी?

‘पीएचडी करून काय दिवे लावणार?’ हा टोमणा अनेकांनी घरात, लग्नकार्यात, नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ऐकलेला असतो. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात फेलोशिपची चर्चा सुरू असताना तो थेट विधिमंडळात ऐकू आला आणि त्यावर बराच गदारोळही झाला. पण टोमणा बाजूला ठेवला तर त्यातला प्रश्न काही अगदीच चुकीचा नाही. तीन-चार वर्षं तुम्हाला कुणीतरी पैसे देणार, ते नेमके कशासाठी?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपण एक जरा विचित्र वाटणारा विषय घेऊ. समुद्रात तरंगणाऱ्या पवनचक्क्यांचे नांगर. हो, नांगरच! ब्रिटन, नॉर्वे, नेदरलँड्स, फ्रान्स अशा देशांत या विषयावर पीएचडी करायला विद्यार्थी हवेत अशा जाहिराती येतात. फी नाही, दरमहा मानधन किंवा चक्क पगार, कॉन्फरन्सला जायचा खर्च वेगळा. वाचून पहिलं मनात येतं ते हेच, की ही माणसं पैसे पाण्यात घालतायत का?

घालतायत. पण पूर्ण हिशेब करून.

खोल पाणी, मोठा वारा

साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या आपण बघितलेल्या असतात. समुद्रावरचा वारा जमिनीवरच्या वाऱ्यापेक्षा जास्त जोराचा आणि जास्त स्थिर असतो. म्हणून डेन्मार्कने १९९१ मध्ये विंडेबी इथे किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात ११ पवनचक्क्या उभ्या केल्या. जगातला समुद्रातला पहिला पवनऊर्जा प्रकल्प तो हाच.

साधी पद्धत अशी, की समुद्रतळात एक जाडजूड पोलादी खांब ठोकायचा आणि त्यावर पवनचक्की बसवायची. पाणी साधारण ५०-६० मीटर खोल असेपर्यंत हे परवडतं. त्यापुढे खांब इतका लांब आणि इतका जड होतो की खर्च हाताबाहेर जातो. अडचण अशी की युरोपच्या समुद्रावरचा जवळपास ८० टक्के वारा ६० मीटरपेक्षा खोल पाण्यावर वाहतो. म्हणजे चांगला माल दुकानात आहे, पण आपला हात पोचत नाही अशा फळीवर.

त्यावर उपाय म्हणजे पवनचक्की तरंगती ठेवायची. नॉर्वेच्या इक्विनॉर कंपनीने २०१७ मध्ये स्कॉटलंडच्या पीटरहेड शहरासमोर ‘हायविंड स्कॉटलंड’ हा जगातला पहिला तरंगता पवनऊर्जा प्रकल्प सुरू केला. प्रत्येकी ६ मेगावॉटच्या पाच पवनचक्क्या. एकेकीची एकूण उंची २५३ मीटर, त्यातले ७८ मीटर पाण्याखाली. पाण्याखालचा भाग म्हणजे उभी तरंगणारी एक भलीमोठी पोलादी नळी, आणि तिच्या तळाशी वजन भरलेलं. लहानपणी ढकललं तरी परत उभं राहणारं बाहुलं असायचं ना, तोच प्रकार.

बाहुलं उभं राहील हो, पण वाहून जाईल त्याचं काय? वादळात उत्तर समुद्रात ती जागची हलता कामा नये, कारण तिला वीज वाहून नेणारी केबल जोडलेली आहे. तिथे नांगराची गोष्ट सुरू होते.

नांगर म्हणजे नांगरच

मराठीत शेतातलं अवजार आणि जहाजाचं अँकर, दोन्हीला आपण नांगर म्हणतो. एका प्रकारच्या नांगराबाबत हे शब्दशः खरं आहे. हा नांगर समुद्रतळावर टाकून ओढला की तो मातीत फाळासारखा रुतत जातो. जितका ओढाल तितका खोल. तेल कंपन्या तो कित्येक दशकं वापरतायत.

दुसरा प्रकार जास्त मजेशीर आहे. एक मोठी पोलादी बादली घ्या, ती उलटी करून समुद्रतळावर ठेवा. स्वतःच्या वजनाने ती थोडी रुतेल. आता बादलीच्या बुडाला असलेल्या पंपाने आतलं पाणी उपसा. आतला दाब कमी होतो आणि बाहेरच्या पाण्याचा दाब बादलीला खाली ढकलतो. ठोकाठोक नाही, आवाज नाही. काही तासांत नांगर पूर्ण जमिनीत. हायविंड स्कॉटलंडला असे १५ नांगर आहेत, म्हणजे एका पवनचक्कीला तीन. एकेक नांगर १६ मीटर उंच, ५ मीटर व्यासाचा आणि १०० टनांपेक्षा जास्त वजनाचा. पाच मजली इमारतीएवढी बादली जमिनीत गाडलीय असं समजा.

आणखीही प्रकार आहेत. ब्राझीलमध्ये टॉर्पेडोसारखा नांगर पाण्यात उंचावरून सोडतात आणि तो स्वतःच्या वेगानेच तळात घुसतो. कुठे पाइल ठोकतात, कुठे स्क्रूसारखे फिरवून बसवतात, तर कुठे नुसतं प्रचंड वजन तळाशी ठेवून देतात.

मग तेल कंपन्यांनी हे सगळं आधीच शोधलेलं असेल तर नवीन पीएचडी कशाला? कारण तेलाचा तरंगता प्लॅटफॉर्म एक असतो आणि त्यातून निघणाऱ्या तेलाची किंमत अफाट. त्याच्या नांगरावर हवा तेवढा खर्च परवडतो. पवनचक्क्या मात्र शेकड्याने लागतात आणि प्रत्येकीची कमाई मर्यादित. तेलासाठी बनवलेला महागडा नांगर जसाच्या तसा इथे वापरला तर वीज कुणालाच परवडणार नाही.

१४ नांगर वाचले

आता हिशेब बघू. २०२३ मध्ये नॉर्वेत ‘हायविंड टॅम्पेन’ सुरू झाला. किनाऱ्यापासून सुमारे १४० किलोमीटर आत, २६० ते ३०० मीटर खोल पाण्यात ११ पवनचक्क्या. एकीला तीन या हिशेबाने ३३ नांगर लागले असते. प्रत्यक्षात लागले १९. कारण शेजारच्या पवनचक्क्यांच्या साखळ्या एकाच नांगराला बांधल्या. १४ नांगर, ते बनवायचं पोलाद आणि ते बसवायला लागणारे जहाजाचे दिवस, सगळं वाचलं.

ऐकायला सोपं वाटतं. पण एका नांगराला तीन दिशांनी तीन पवनचक्क्या ओढत असतील तर त्याच्यावरच्या ताणाची दिशा सतत बदलणार. आज पूर्वेकडून वादळ, उद्या पश्चिमेकडून. भोवतालची माती हे किती वर्षं सहन करेल? एक नांगर उपटला तर एकाच वेळी तीन पवनचक्क्या मोकळ्या सुटणार का? हे कुणीतरी आधी शोधून ठेवावं लागतं.

आणि प्रश्न काही ११ पवनचक्क्यांपुरता नाही. जानेवारी २०२२ मध्ये स्कॉटलंडने ‘स्कॉटविंड’ नावाच्या फेरीत समुद्रातल्या जागा देऊ केल्या. १७ प्रकल्प, मिळून सुमारे २५ गिगावॉट, आणि त्यातले अर्ध्याहून जास्त तरंगते. समजा त्यातले १५ गिगावॉट १५-१५ मेगावॉटच्या पवनचक्क्यांनी उभे करायचे. म्हणजे १,००० पवनचक्क्या आणि तीनच्या हिशेबाने किमान ३,००० नांगर. प्रत्येक नांगराचं वजन दहा टक्क्यांनी जरी कमी करता आलं तरी किती पोलाद वाचेल, तुम्हीच गुणाकार करून बघा. त्यापुढे चार वर्षं एका विद्यार्थ्याला पैसे देणं म्हणजे किरकोळ खर्च.

म्हणूनच या जगात पीएचडीचे पैसे म्हणजे हुशार मुलाच्या पाठीवर मारलेली शाबासकीची थाप नसते. कुणाचा तरी एक प्रश्न अडलेला असतो आणि त्याच्या उत्तरासाठी मोजलेली ती किंमत असते. हे एकदा लक्षात आलं की फेलोशिप शोधायची पद्धतच बदलते.

चार वर्षं करायचं काय?

नांगराच्या पीएचडीत साधारण कुठले प्रश्न असतात?

पहिला प्रश्न हिसक्यांचा. दर दहा सेकंदाला एक लाट धरली तर २५ वर्षांत नांगराला जवळपास आठ कोटी छोटे-मोठे हिसके बसतात. एका जोराच्या धक्क्याला टिकणारी माती इतक्या हिसक्यांनी हळूहळू सैल पडते की उलट घट्ट होते? वाळूत एक उत्तर येतं, चिकणमातीत दुसरं.

दुसरा साखळीचा. साखळी जिथे तळाला टेकते तिथे ती लाटांबरोबर वरखाली होत राहते आणि जमीन खरवडते. आफ्रिकेत इक्वेटोरियल गिनीजवळच्या तेलाच्या एका तरंगत्या जहाजाच्या नांगरांसमोर साखळ्यांनी असे खोल चर खणलेले सापडले. २०१४ मध्ये त्याची माहिती जाहीर झाली आणि अनेक विद्यापीठांत एक नवा विषय सुरू झाला. नांगरासमोरची मातीच गेली तर नांगर धरणार कशाला?

तिसरा प्रश्न मातीचाच आहे, आणि तो आपल्या फार जवळचा आहे. ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावर १९८२ मध्ये ‘नॉर्थ रँकिन ए’ नावाचा गॅस प्लॅटफॉर्म उभा करत होते. त्याचे पाइल अपेक्षेपेक्षा फारच सहज खाली गेले, कारण तिथली वाळू साधी नव्हती. शंख-शिंपले आणि सूक्ष्म जीवांच्या कवचांपासून बनलेली ती चुनखडीयुक्त वाळू होती. दाब पडला की तिचे कण चुरडतात आणि पाइलला पकडच मिळत नाही. नंतर दुरुस्तीवर प्रचंड खर्च झाला. त्या अनुभवातून ऑस्ट्रेलियात या वाळूवरचं संशोधन वाढलं आणि १९९७ मध्ये पर्थच्या विद्यापीठात समुद्रातल्या पायांवर काम करणारं खास केंद्र उभं राहिलं. आज जगभरातले विद्यार्थी तिथे पीएचडीला जातात.

आता आपल्याकडे या. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर मुंबई हाय आहे. १९७४ मध्ये तिथे तेल सापडलं. भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या समुद्रतळावरही अशीच चुनखडीयुक्त वाळू आढळते. आयआयटी दिल्लीच्या संशोधकांनी ती प्रयोगशाळेत दाबून तिचे कण कसे चुरडतात याचा अभ्यास केला आणि १९७९ मध्ये तो अमेरिकेत ह्यूस्टनच्या परिषदेत मांडला. नॉर्थ रँकिनचा गोंधळ व्हायच्या तीन वर्षं आधी! तो शोधनिबंध आजही या विषयातले लोक संदर्भासाठी काढतात. आपल्याला वाटतं हे सगळं परदेशात चालतं, पण मातीचा प्रश्न जिथे पडतो तिथेच त्यावरचं संशोधन सुरू होतं.

बरं, १६ मीटरचा नांगर प्रयोगशाळेत आणायचा कसा? इथे सेंट्रिफ्यूज कामाला येतं. १६ सेंटीमीटरचा नांगर मातीच्या पेटीत ठेवायचा आणि ती पेटी गरगर फिरवून त्यावर गुरुत्वाकर्षणाच्या १०० पट बल आणायचं. मग तो छोटा नांगर १६ मीटरच्या नांगरासारखा वागतो. शिवाय मातीतून पाणी निचरायचा वेग १०,००० पट वाढतो. खऱ्या समुद्रात ज्या निचऱ्याला २५ वर्षं लागतील तो इथे साधारण २२ तासांत बघायला मिळतो. हे यंत्र बघायला परदेशीच जावं लागतं असंही नाही. आयआयटी मुंबईत, पवईला, साडेचार मीटर त्रिज्येचं मोठं सेंट्रिफ्यूज आहे. उतार, भराव अशा जमिनीवरच्या प्रश्नांवर त्यावर बरंच काम झालंय.

पैसे येतात कुठून?

ब्रिटन : इथे ‘सेंटर फॉर डॉक्टरल ट्रेनिंग’ हा प्रकार चालतो. दरवर्षी विद्यार्थ्यांची एक तुकडी घेतात, सरकार आणि कंपन्या मिळून पैसे देतात. हल, डरहॅम, शेफील्ड अशा विद्यापीठांचं ‘ऑरा’ केंद्र २०१९ पासून खास समुद्रातल्या पवनऊर्जेवर पीएचडी करवून घेतं. एडिनबरा, एक्सेटर आणि स्ट्रॅथक्लाइड यांच्या ‘आयडीकोर’मध्ये विद्यार्थी बराचसा काळ कंपनीत बसूनच संशोधन करतो. ब्रिटन सरकारच्या यूकेआरआय या संस्थेचं किमान मानधन २०२५-२६ साठी वर्षाला २०,७८० पौंड होतं आणि त्यावर कर नाही. रुपयांत गुणून लगेच खूश होऊ नका. घरभाडं आणि भाजीही पौंडातच घ्यायची आहे. एकट्याचं नीट भागतं, मोठी शिल्लक पडत नाही.

मेख अशी की या निधीतून एका तुकडीत परदेशी विद्यार्थी जास्तीत जास्त ३० टक्केच घेता येतात. सरकार स्थानिक दरानेच फी देतं, वरचा फरक विद्यापीठाला सोसावा लागतो. त्यामुळे आपल्यासाठी जागा कमी आणि स्पर्धा जास्त.

युरोपियन युनियन : इथे ‘मेरी स्क्वोदोव्स्का-क्युरी’ डॉक्टरल नेटवर्क आहेत. अनेक देशांतली विद्यापीठं आणि कंपन्या एकत्र येऊन एका विषयावर दहा-पंधरा विद्यार्थी नेमतात. तरंगत्या पवनऊर्जेवरच ‘फ्लोअवर’ आणि ‘स्टेप फॉर विंड’ अशी दोन नेटवर्क झाली. पहिल्यात १३, दुसऱ्यात १० विद्यार्थी होते. राष्ट्रीयत्वाची अट नाही. अट आहे ती हलण्याची. ज्या देशात पीएचडी करायची त्या देशात आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. म्हणजे जर्मनीत नुकतंच दोन वर्षांचं मास्टर्स केलेल्याला जर्मनीतली जागा मिळणार नाही, पण डेन्मार्कमधली मिळू शकते. आणि इथून, भारतातूनच अर्ज करणाऱ्याला सगळेच देश खुले! ही गोष्ट आपल्याकडच्या फार मुलांना माहीतच नसते.

नॉर्वे, डेन्मार्क, नेदरलँड्स : इथे पीएचडी ही सरळ सरळ नोकरी असते. करारपत्र, पगार, पेन्शन, रजा सगळं. नॉर्वेत तीन वर्षं संशोधन, आणि शिकवण्याची जबाबदारी घेतली तर चार. नेदरलँड्समध्ये बहुतेक चार. मात्र नोकरी असल्यामुळे निवडही नोकरीसारखीच होते. सीव्ही, मुलाखत, आधीच्या मार्गदर्शकांना फोन.

भारत : आयआयटी, आयआयएससीत प्राइम मिनिस्टर्स रिसर्च फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ७०,००० रुपये, तिसऱ्या वर्षी ७५,०००, पुढे ८०,०००, आणि संशोधनाच्या खर्चासाठी वर्षाला दोन लाख वेगळे. नेट-जेआरएफची रक्कम जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये आहे. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या फेलोशिप आहेत, पण जागा किती आणि पैसे हातात कधी यावरून विद्यार्थ्यांना आंदोलनं करावी लागली आहेत, हेही गृहीत धरून गणित मांडा. समुद्राशी संबंधित कामासाठी आयआयटी मद्रास आणि आयआयटी खरगपूरचे विभाग जुने आणि नावाजलेले आहेत. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ पासून सुरू असलेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र बंदरं आणि किनाऱ्याचं काम करतं. इंटर्नशिपसाठी चौकशी करायला काय हरकत आहे?

जाहिरात वाचायची कशी?

आधी ‘फंडेड’ या शब्दाच्या मागे-पुढे बघा. ‘फुली फंडेड’ म्हणजे फी आणि मानधन दोन्ही. ‘होम फीज ओन्ली’ असेल तर परदेशी विद्यार्थ्यांना फीचा फरक भरावा लागू शकतो, आणि तो वर्षाला लाखांत जातो. ‘सेल्फ फंडेड’ म्हणजे पैसे तुमचेच. मास्टर्ससाठी शैक्षणिक कर्ज काढणं समजू शकतं, पण इंजिनीअरिंगच्या पीएचडीसाठी कर्ज काढायची वेळ येत असेल तर दहादा विचार करा. जिथे कुणालाच त्या प्रश्नावर पैसे लावावेसे वाटत नाहीत, तिथे तुमच्या घरच्यांनीच का लावावेत?

मग मुदत बघा. पैसे तीन वर्षांचे आणि पीएचडी संपायला लागणार चार, असं असेल तर चौथ्या वर्षाचं काय, ते आधीच विचारा. विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही, तिकडे हा प्रश्न अगदी नॉर्मल समजतात.

पैसे कोण देतंय तेही बघा. एखादी कंपनी देत असेल तर निकाल छापायला तिची परवानगी लागेल का? ती मध्येच प्रकल्पातून बाहेर पडली तर विद्यापीठ जबाबदारी घेईल का?

आणि ब्रिटनला जाणार असाल तर आणखी एक कागद. काही इंजिनीअरिंग विषयांच्या पीएचडीसाठी भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाच्या आधी ‘एटास’ नावाचं मंजुरीपत्र लागतं. त्याला कित्येक आठवडे जातात. ऑफर आली म्हणून निवांत बसलात तर टर्म सुरू होईल आणि तुम्ही अजून इथेच.

अर्ज करताना ‘मला लहानपणापासून पर्यावरणाची आवड आहे’ हे पहिलं वाक्य शक्यतो नको. त्यांचा अडलेला प्रश्न नीट वाचा. त्या प्राध्यापकांचे दोन शोधनिबंध वाचा आणि त्यातलं एक काहीतरी, जे तुम्हाला खरंच कळलं नाही किंवा पटलं नाही, ते विचारा. शंभर जणांना एकच मेल पाठवण्यापेक्षा अशा पाच मेलांना उत्तर यायची शक्यता जास्त.

वारा पडला तर?

इथपर्यंत सगळं गुलाबी वाटत असेल तर थोडं थांबू. या क्षेत्राला वादळं नवीन नाहीत. मे २०२३ मध्ये इक्विनॉरने नॉर्वेतला ‘ट्रोलविंड’ हा सुमारे एक गिगावॉटचा तरंगता प्रकल्प खर्च वाढल्यामुळे बेमुदत पुढे ढकलला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत नवं सरकार आल्याबरोबर समुद्रात पवनऊर्जेसाठी नव्या जागा देणं थांबलं, आणि त्याच वर्षी मेन विद्यापीठाच्या तरंगत्या पवनचक्कीच्या प्रकल्पाचा सरकारी निधीही अडकला. ज्या हाताने पैसे येतात तो हात आखडताही घेतला जातो. म्हणून तर पैसे नक्की कोणाचे आणि किती वर्षांचे हे विचारायचं.

पण आणखी एक गोष्ट बघा. नांगराच्या पीएचडीत तुम्ही शिकता काय? माती, पाणी, वारंवार बसणारे हिसके, मोजमाप, कोडिंग. हे ज्ञान काही पवनचक्कीपुरतं नाही. १६.५ किलोमीटर समुद्रावरून जाणाऱ्या अटल सेतूचे पाय असोत की डहाणूजवळच्या वाढवण बंदराचं काम, समुद्रतळाची माती कशी वागते हे कळणारी माणसं सगळीकडेच लागतात. ‘सिव्हिल घेतलंस, आता आयटीचा कोर्स कर’ असा सल्ला उठता-बसता ऐकणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

आपल्या देशातही हालचाल आहे. जून २०२४ मध्ये केंद्राने समुद्रातल्या पहिल्या एक गिगावॉट पवनऊर्जेसाठी ७,४५३ कोटींच्या योजनेला मंजुरी दिली. त्यातले ५०० मेगावॉट गुजरातजवळ, ५०० तामिळनाडूजवळ. हे प्रकल्प उथळ पाण्यातले, तळाला पाय रोवणारे असतील. त्यामुळे उद्या कोकणासमोर पवनचक्क्या तरंगायला लागतील असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण पाय रोवायचा तरी माती समजून घ्यावीच लागते.

तोपर्यंत एक बादली

तुम्ही सेकंड किंवा थर्ड इयरला असाल तर फेलोशिप अजून लांब आहे. पण प्रश्न लांब नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये एका टबात वाळू आणि पाणी भरा. एक स्टीलचा डबा उलटा करा, बुडाला भोक पाडून नळी बसवा, मोठ्या सिरिंजने आतलं पाणी ओढा. डबा स्वतःच वाळूत शिरताना दिसेल. मग भोक बंद करून, स्प्रिंगच्या काट्याला बांधून तो डबा वर ओढा. आधी हळूहळू, मग एकदम झटक्यात. दोन्ही वेळा काटा किती दाखवतो ते लिहून ठेवा.

झटक्यात ओढलेला डबा जास्त घट्ट धरतो, कारण आत पाणी शिरायला वेळच मिळत नाही. हळू ओढलात तर पाणी शिरतं आणि डबा निमूट बाहेर येतो. आता तोच डबा शंभर वेळा थोडा थोडा ओढून सोडा आणि मग उपटून बघा. आकडा वाढला की कमी झाला? वाळू आधी ठोकून घट्ट केली असती तर? वाळूऐवजी खाडीतला चिखल असता तर?

फायनल इयरच्या प्रोजेक्टला एवढं पुरे आहे. यातल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला पुस्तकात सापडलं नाही, तर ते आकडे जपून ठेवा आणि त्या पाच मेलांपैकी एकीला जोडून पाठवा.